पाच हजार रुपियांचा दरवाजा

यागोदाने कागदांच्या गठ्ठ्यातून चौदावा कागद ओढून काढला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. चौकड्यांच्या कागदावर पेन्सिलीने, तिच्याच अक्षरात लिहिले होते: इंडोनेशिया. साध्या खाणावळीतले एक जेवण, पंचवीस हजार. दोन जेवणे, पन्नास हजार. शेवटच्या आकड्यातले शेवटचे शून्य एका बारीक तिरप्या रेघेने खोडलेले होते.

“माझंच आहे,” ती म्हणाली.

तियाना टेबलाच्या कडेवर बसली होती. ती यागोदाच्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय चौतीस, आणि या दोन खोल्यांच्या कंपनीची मालकीण. तिने कागद हातात घेतला, पाहिला आणि तिच्या सहकाऱ्याकडे, आर्पादकडे दिला. आर्पादची बोटे मांस भरलेल्या पापुद्र्याच्या पोळीच्या, बुरेकच्या, तेलाने चकाकत होती. त्याने कागद दोन नखांत धरला.

“पाच हजार,” तो म्हणाला. “मावशी, पाच हजार रुपिया म्हणजे आपले तेहतीस दिनार. तेहतीस दिनारात कोपऱ्यावरची बाई किफ्ल्या पावाचा वासही घेऊ देत नाही.”

“गप रे,” तियाना म्हणाली.

“गप बसतो. मी फक्त भाव सांगितला.”

सर्बियातल्या सोंबोरमध्ये, मुख्य रस्त्याला लागून असलेल्या बोळात, पूर्वी टोप्यांचे दुकान होते तिथे हे तिघे काम करत. तियाना आणि आर्पादने चार वर्षे खपून एक व्हिडिओ गेम बनवला होता. त्याचे नाव ‘चुवार’, म्हणजे राखणदार. खेळणारा कालव्यावरच्या एका दरवाजाचा राखणदार होतो. बोट येते, तो पाणी चढवतो, दरवाजा उघडतो, बोट पुढे जाते. एवढेच. गावाबाहेरच्या कालव्यावर तियानाचे आजोबा हेच काम करीत, तेव्हा तिला त्यात काही कमी वाटले नव्हते. खेळ विकला गेला, पण बेताचाच. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी त्याला एक जोड, म्हणजे वेगळा विकायचा वाढीव भाग, काढली. जोड विकत घेणाऱ्याला एका सामाईक कालव्यावर स्वतःचा दरवाजा मिळे. एकाच्या दरवाजातून सुटलेली बोट दुसऱ्याच्या दरवाजाशी जाऊन थांबे, मग तिसऱ्याच्या. जितके घेणारे, तितका कालवा लांब.

ज्या ऑनलाइन दुकानात हे सारे विकले जाई, तिथे प्रत्येक देशाचा दर वेगळा भरावा लागे. दुकान स्वतःच डॉलरवरून एक आकडा सुचवी आणि बहुतेक जण तो जसाच्या तसा मान्य करत. तियानाही करणार होती. पण आठवड्यातून दोन दिवस हिशेब पाहायला येणाऱ्या यागोदाने तो तक्ता पाहिला आणि म्हणाली, “ही किंमत नाही. हा गुणाकार आहे.”

गावातल्या मोठ्या सरकारी दुकानाच्या दरविभागात तिने सव्वीस वर्षे काढली होती. पुढचे तीन आठवडे ती एकेका देशाला एकेक कागद देत गेली. तिचा नियम सोपा होता: करमणुकीची वस्तू त्या गावातल्या दोन साध्या जेवणांपेक्षा महाग नको. जेवणाचा भाव ती खेळणाऱ्यांनाच पत्र पाठवून विचारी. एकेचाळीस देश झाले. दुकानाच्या सुचवणीपासून दर फार लांब गेला की पडद्यावर लाल खूण येई. यागोदाच्या निम्म्या दरांवर ती खूण होती, त्यामुळे कोणी तिकडे पाहीनासे झाले होते.

शून्याची गोष्ट जुनी होती. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात दिनारचे भाव दिवसातून दोनदा वाढत आणि दुकानातल्या दरपट्टीवर जागा चार आकड्यांची. पाचवा आकडा आला की शेवटचे शून्य खोडायचे. गिऱ्हाईकही ते मनात धरूनच वाचत असे. पुढे सरकारनेच एका रात्रीत सहा शून्ये खोडली, मग नऊ. यागोदाच्या हाताची ती सवय गेली नाही. कागदावर ती खोडायची आणि संगणकात भरताना परत धरायची. कोरिया, कोलंबिया, व्हिएतनाम, सगळीकडे धरले. इंडोनेशियाला राहिले.

जोड बाजारात येऊन अकरा दिवस झाले होते. अख्ख्या युरोपात एकोणीसशे जणांनी घेतली. इंडोनेशियात एकोणपन्नास हजारांनी.

“नीट ऐक, मावशी,” तियाना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती प्रत्येक शब्द वेगळा ठेवत होती. “आपल्याकडे एकतीस मार्चपर्यंतचे पैसे आहेत. एकेक दरवाजा चालू ठेवायला सर्व्हरचं भाडं लागतं. या दराने जितके जास्त घेतात तितके आपण लवकर बुडतो. आज दर पन्नास हजार केला आणि रोजच्या घेणाऱ्यांपैकी दहात एक जरी टिकला, तरी शरदापर्यंत निभतं. नाही केला, तर नोवी सादवाल्यांना आज संध्याकाळी हो म्हणून कळवायचं आणि इथल्या किल्ल्या घरमालकाला द्यायच्या.”

नोवी सादच्या एका मोठ्या कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. जुगाराच्या यंत्रांवरची फिरती फळे रंगवायची. पगार चांगला होता. दोन आठवडे ते पत्र तिच्या फोनमध्ये अनुत्तरित होते आणि आज शेवटचा दिवस होता.

“कळलं,” यागोदा म्हणाली. “माझी चूक, माझाच हात. सरक.”

ती तियानाच्या खुर्चीत बसली. पाठ ताठ, दोन्ही कोपरे अंगाशी. दुकानाचे पान उघडेपर्यंत तिने कोटाची बटणे काढली.

“पण आधी एक बघू दे,” आर्पाद म्हणाला. “हे खरे लोक आहेत का, ते. जर्मन असतील तर?”

“जर्मन कुठून आले?”

“स्वस्त देश दिसला की लोक आम्ही तिकडेच राहतो असं सोंग करतात. बर्लिनमध्ये बसून पत्ता जकार्ताचा. म्हणून सकाळपासून हे लावलंय.”

समोरच्या भिंतीवरचा पडदा त्याने मोठा केला. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळट ठिपके होते. कुठलाही दरवाजा उघडला की तो जिथून उघडला गेला तिथे एक ठिपका उजळे आणि मिनिटभराने विझे. यागोदाने मान वर केली. तिला आधी वाटले, कुणीतरी नकाशा छापून लावला आहे. डावीकडून उजवीकडे लांबट बेटांची एक रांग, मध्ये कोळ्यासारखे एक वेडेवाकडे बेट, पलीकडे चुरा सांडावा तशी लहान बेटे.

“किनारे छान काढलेस,” ती म्हणाली.

“मी काही काढलं नाही,” आर्पाद म्हणाला. “नकाशाची एकही रेघ नाहीये तिथे. नुसते ठिपके आहेत.”

तियाना टेबलावरून उतरली. किनारे होते. आखाते होती. एका मोठ्या बेटाच्या मधोमध काळोखी जागा होती, तिथे जंगल किंवा डोंगर असावा, आणि तिच्या कडेकडेने ठिपक्यांची दाट माळ गेली होती. दरवाजे उघडत होते, मिटत होते. बेटे श्वास घेतल्यासारखी दिसत होती.

“दोनशे मीटरला एक दरवाजा धरलाय आपण,” आर्पाद म्हणाला. त्याने बुरेकचा कागद चुरगाळून बाजूला ठेवला होता. “एक्कावन्न हजार दरवाजे म्हणजे दहा हजार किलोमीटर. तियाना, आपला कालवा इथून निघाला तर जावाला पोचतो.”

तियाना भिंतीजवळ गेली.

“जर्मन नाहीत हे. सोंग असतं तर सगळे जकार्तातच दिसले असते,” ती म्हणाली. “मावशी, बदल.”

यागोदाने इंडोनेशियाची ओळ शोधली. दुकानाने तिला कारण विचारले, ते तिने भरले. फोनवर सहा आकड्यांची खूण मागवली. तेवढ्यात आर्पादची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“थांबा. काही दाबू नका.”

पडद्याच्या उजव्या कडेला, त्या चुरा सांडल्यासारख्या बेटांमध्ये ठिपके कमी झाले होते. सगळे नाही, पण निम्म्याहून जास्त विझले होते आणि नवे पेटत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळात दहा पन्नास झाले होते.

“सर्व्हर गेला,” तियाना म्हणाली.

“गेला असता तर सगळं गेलं असतं.” आर्पाद उभ्यानेच टाइप करत होता. “फक्त आंबोनकडचं जातंय. यंत्र ठीक आहे. तार ठीक आहे. मावशी, हात खाली. आता दर बदललात आणि काही अडकलं, तर कशामुळे अडकलं ते मला आयुष्यात कळणार नाही.”

यागोदाने हात मांडीवर घेतले. मग तिने इंडोनेशियाचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिले: आंबोन, १०.५०. असे का केले हे तिलाही सांगता आले नसते. काही बिघडले की आधी वेळ लिहायची, एवढे तिला शिकवलेले होते.

पंचवीस मिनिटे आर्पाद यंत्राशी भांडत राहिला. तियाना त्याच्या मागे येरझाऱ्या घालत होती. दोनदा तिने फोन काढला आणि परत खिशात ठेवला. यागोदाने डबा उघडला. ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता. डब्यात उकडलेले बटाटे आणि खारवलेला कोबी.

“मावशी, एक घास बुरेक?” आर्पाद पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “ताण आलाय, देव समजून घेईल.”

“तुझा घेईल. माझा नाही.”

“माझा हंगेरियन आहे. त्याला सर्बियन बुरेकमधलं मांस दिसतच नाही.”

“तुला तुझ्या यंत्रातलं काही दिसतंय का, ते सांग.”

सव्वाअकरा वाजता ते वेडेवाकडे बेट विझू लागले. तेही उजवीकडून. खालच्या टोकाला एक दाट झुबका होता. मकास्सर, आर्पाद म्हणाला. तो झुबका दोन मिनिटांत काळा झाला. इतका सबंध की आर्पादने टाइप करणे थांबवले.

यागोदाने लिहिले: मकास्सर, ११.१५. मग चष्म्यावरून वर पाहिले.

“उजवीकडून डावीकडे जातंय,” ती म्हणाली. “यंत्र असं रांगेने बिघडतं का?”

“नाही.”

“तिथे आता किती वाजलेत? मकास्सरला?”

“सव्वासहा. संध्याकाळचे.”

“बोटी कुठे आहेत?”

या प्रश्नाला उत्तर होते, पण ते अजून कोणी पाहिले नव्हते. आर्पादने भिंतीवर नकाशाऐवजी खुद्द कालवा आणला. खेळातली संध्याकाळ, शांत पाणी, एकापुढे एक दरवाजे. दरवाजांपुढे बोटी थांबल्या होत्या. दहा, पंधरा, एका ठिकाणी चाळीस. प्रत्येक बंद दरवाजावर पाटी टांगलेली होती. राखणदार जागेवरून उठला तर पाटी लावून जाऊ शके. ही कल्पना तियानाची होती आणि युरोपात फारशी कोणी वापरली नव्हती. इथे पाटीमागून पाटी होती आणि जवळजवळ प्रत्येकीवर तेच दोन शब्द.

“बुका दुलू,” आर्पादने वाचले. “बुका? आपल्याकडे बुका म्हणजे गोंगाट. आवाजाची तक्रार करतायत की काय?”

“भाषांतर बघ, शहाण्या,” तियाना म्हणाली.

त्याने पाहिले. मग खुर्चीत बसला.

“‘आधी उपास सोडतो,’” तो म्हणाला.

बाहेर बोळातून कुणाची तरी सायकल खडखडत गेली. यागोदाच्या हातात अर्धा बटाटा होता. तिने तो डब्यात ठेवला आणि डब्याचे झाकण लावले, आवाज होऊ न देता.

“रमजान आहे त्यांचा,” ती म्हणाली. “दिवसभर पाणीसुद्धा नाही. सूर्य मावळला की जेवतात.”

“आणि तोवर?” तियानाने विचारले.

आर्पाद पाट्या वाचत पुढे चालला होता. काही लांब होत्या. त्याने एक मोठ्याने वाचली: “‘बाहेर पडवीत आम्ही अकरा जण वाट बघत बसतो. तासभर काहीच करवत नाही. हा दरवाजा बरा आहे. यातही वाट बघायची असते. बाराव्याला उद्या घेऊन देणार.’”

तियाना हळूच खुर्चीवर बसली. चार वर्षे तिला एकच टीका ऐकावी लागली होती: तुझ्या खेळात वाट पाहण्याखेरीज काही नाही.

“परत नकाशा लाव,” ती म्हणाली.

आता त्यांना काय पाहायचे ते ठाऊक होते. साडेअकराच्या सुमारास आंबोन परत उजळले. आधी तीन-चार ठिपके, मग मूठभर, मग पूर्वीपेक्षाही जास्त. म्हणजे काळोख एक पट्टा होता. त्याची पुढची कड बेटामागून बेट विझवत पश्चिमेकडे चालली होती आणि मागची कड पेटवत येत होती. त्या पट्ट्याच्या आत, त्या क्षणी, हजारो माणसे पहिला घोट घेत होती. पट्टा कुठेही अडखळत नव्हता. तो पृथ्वीच्या वेगाने चालला होता आणि सोंबोरमधल्या तीन माणसांना तो भिंतीवर दिसत होता.

अकरा पन्नासला सुराबाया. यागोदाने लिहिले. लांबट बेटाचे पूर्व टोक मिटले आणि अंधार त्या बेटावरून सरकू लागला, शहरामागून शहर, जणू कोणी एकेक खोलीचा दिवा मालवत घरातून चालले आहे.

“तुमच्या दुकानात कसं करायचात, मावशी?” आर्पादने विचारले. त्याचा आवाज आपोआप खाली आला होता. “म्हणजे दर बदलायचा असला की.”

“वरून फोन यायचा. नवा आकडा सांगायचे. मी शिडी घेऊन जायचे आणि पट्टी बदलायचे.”

“लोक आत असताना?”

“दुकान रिकामं असेल तेव्हा बदलावा असा नियम होता. त्या हिवाळ्यात दुकान रिकामं कधी होतं?” ती पडद्याकडेच पाहत होती. “एकदा एका बाईने मुलाचे बूट काउंटरवर ठेवले होते. नोटा मोजून हातात. मी शिडीवर. फोन आला, पट्टी बदलली. तिने नोटा परत पर्समध्ये ठेवल्या, एकेक सरळ करून. मला म्हणाली, हरकत नाही.”

“मग?”

“मग काय. दुपारी आणखी एक फोन आला.”

बारा वाजून दहा मिनिटांनी जकार्ता विझले. पडद्यावरचा तो सर्वांत तेजस्वी भाग होता. सकाळपासून तिथले ठिपके एकमेकांत मिसळून पांढरा डागच झाला होता. तो डाग कडेकडून आत आक्रसला, मधे क्षणभर राहिला आणि गेला. तियानाने तोंडावर हात ठेवला. आर्पादने डोक्यावरची टोपी काढली आणि ती काढली हे लक्षात येताच जरासा ओशाळून गुडघ्यावर ठेवली.

यागोदाने वेळ टिपली, पेन्सिल आडवी ठेवली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“आता बदलते,” ती म्हणाली. “जावाचं अख्खं बेट जेवायला बसलंय. निम्म्याहून जास्त घेणारे तिथलेच आहेत. याहून रिकामं दुकान मिळणार नाही.”

बोलण्यात कडवटपणा नव्हता. चांगल्या कारागिराने योग्य वेळ ओळखावी तसे ते होते. तिने सहा आकड्यांची नवी खूण मागवली, भरली. पाच हजारच्या जागी पन्नास हजार लिहिले आणि शून्ये बोटाने मोजली. चार. दुकानाने विचारले: खात्री आहे?

तियाना तिच्या खांद्यावरून पाहत होती. त्या ओळीत दराच्या पुढे आणखी काही रकाने होते. रोज सकाळी ती पहिले दोनच पाही. आता तिची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. तिथे लिहिले होते: टोपलीत. त्याखाली: तीन हजार एकशे चाळीस.

“मावशी, हे काय आहे?”

यागोदाने चष्मा सारखा केला. “वस्तू टोपलीत टाकली, पैसे द्यायचे राहिले, असे लोक.”

“सकाळी किती होते?”

आर्पादने पाहिले. “सकाळी दोनशे. शेवटच्या तासात वाढलेत.”

“म्हणजे घ्यायला आले होते,” तियाना म्हणाली. “घेता घेता वेळ झाली. उठून गेले.”

“हो.”

“जेवून परत येतील.”

“येतील,” यागोदा म्हणाली.

तियाना सरळ उभी राहिली. सकाळपासून तीच घाई करत होती. आता ती भिंतीकडे पाहत होती, जिथे जकार्ताच्या जागी काहीच नव्हते.

“दुकान रिकामं नाहीये, मावशी,” ती म्हणाली. “टोपल्या ठेवून गेलेत. काढ तो हात.”

यागोदाचा हात हलला नाही. बोट बटणावर नव्हते, बटणापासून केसभर वर होते.

“तासभर थांबू शकते,” ती म्हणाली. “हे तीन हजार परत आले, पैसे दिले, की बदलते. पण तोवर पश्चिमेकडच्या मेदानचे लोक टोपल्या ठेवून उठलेले असतील. उद्या आंबोनपासून पुन्हा सुरू होईल. रोज संध्याकाळ होणार आहे, तियाना. रोज कुणाचं तरी निम्मं राहिलेलं असणार आहे.”

“माहीत आहे.”

“त्यांचा सण, ईद, एकतीस मार्चला.”

“तेही माहीत आहे. तारीख टाक. एक एप्रिलपासून पन्नास हजार. आणि आजच पाटी लाव, त्यांच्या भाषेत, कालव्याच्या तोंडाशी. दर केव्हा वाढणार, किती वाढणार, सगळं लिही.”

“एप्रिलचं बिल?” आर्पाद म्हणाला. त्याने ते हळू विचारले, पण विचारले. “तीन आठवड्यांत हे लाखावर जातील. तू सकाळी जो हिशेब सांगितलास तो तसाच आहे. त्यात काही बदललेलं नाही.”

तियानाने मान हलवली. यागोदाने भाचीकडे एकदा नीट पाहिले. मग पडद्याकडे वळली, ‘रद्द’वर गेली, दाबले आणि नवीन ओळ उघडून त्यात तारीख भरली. आकडा लिहिताना ती थांबली नाही.

तियानाने खिशातून फोन काढला. ते पत्र उघडले, उभ्याउभ्या दोन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. फोन परत ठेवताना तिने आर्पादला विचारले, “नोवी सादची सकाळची पहिली बस किती वाजता?”

आर्पादने टोपीची कड बोटांत फिरवली.

“पाच वीस,” तो म्हणाला. “पण ती गावोगाव थांबत जाते.”

“थांबू दे. संध्याकाळी सहाला परत येईन. सर्व्हरचं भाडं पगारातून भरू आणि तो रात्री सांभाळू.”

“फळं रंगवणार तू?”

“लिंबं आणि चेऱ्या. माझा हात वाईट नाही.”

मकास्सर परत उजळले होते. सुराबायाच्या जागी दोन ठिपके आले, मग पाच. डावीकडे, शेवटच्या मोठ्या बेटावर, अजून दाट उजेड होता आणि काळोखाची कड त्याच्या दक्षिणेला लागली होती. यागोदाने कागद जवळ ओढला. तिने लिहिले: मेदान. त्याखाली: बांदा आचे. दोन्हींच्या पुढे वेळेची जागा मोकळी ठेवली आणि पेन्सिल हातात घेऊन ती बसून राहिली. इतर दोघांनीही आपापल्या खुर्च्या भिंतीसमोर ओढून घेतल्या.